अरबी घोडा आणि सलोत्रीची विद्या

लगाम, जीन, रिकीब, नाल, पागा, स्वार, बारगीर, शिलेदार हे शब्द आपण मराठी म्हणून सहज वापरतो. परंतु यांतील प्रत्येक शब्द फारसी किंवा अरबी भाषेतून आपल्याकडे आला आहे. या शब्दांबरोबर समुद्रमार्गे घोडेही आले, आणि त्या घोड्यांची हकिकत मोठी बोधप्रद आहे.

अरबस्तान व इराणच्या बंदरांतून घोड्यांनी भरलेली गलबते शेकडो वर्षे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागत. आपल्याकडे चौल, दाभोळ व गोवा ही या व्यापाराची नामांकित बंदरे होती. १४६९ च्या सुमारास निकितीन हा रशियन व्यापारी एकच घोडा घेऊन चौलला उतरला आणि तो विकण्यासाठी थेट बहामनी राजधानी बिदरपर्यंत गेला. १५१० साली गोवा जिंकल्यावर पोर्तुगीजांनी घोड्यांची जहाजे तेथेच यावीत असा दंडक घातला, कारण विजापूर व विजयनगर या दोन्ही दरबारांना घोडे हवेच असत.

या घोड्यांची किंमत काय होती? तमिळ किनाऱ्यावरील मअबर राज्याविषयी वस्साफ हा इराणी इतिहासकार लिहितो, की एका घोड्याला २२० सुवर्ण दीनार पडत आणि वाटेत मेलेल्या घोड्याचेही पैसे राजाच्या खजिन्यातून चुकते होत. तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथे आलेला मार्को पोलो म्हणतो, की राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे घेई, पण वर्षअखेर त्यांतले शंभरही जगत नसत. हवा मानवत नसे हे खरेच; पण निगा कशी राखावी हेही कोणाला ठाऊक नव्हते. घोड्यांना शिजवलेला भात व मांस घालीत! घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे नको ते पोटात गेले की पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. पोलोची आणखी एक नोंद डोळे उघडणारी आहे. घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना मात्र तिकडे जाऊ देत नसत. घोडे मरत राहिले, तरच नवे खपणार!

पुढे हे चित्र पालटले. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले संस्कृत अश्वशास्त्र मुसलमान विद्वानांनी फारसीत उतरविले. घोड्यांच्या वैद्याला हिंदी-उर्दूत 'सलोत्री' म्हणतात, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. भीमेच्या खोऱ्यात स्थानिक घोड्यांशी अरबी रक्ताचा संकर होऊन भीमथडीची काटक, लांब मजल मारणारी तट्टे निपजली. निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) आणि त्यानंतर मराठे यांनी हलक्या, चपळ घोडदळाच्या बळावर मोगलांच्या अवजड फौजा जेरीस आणल्या.

विद्यार्थी मित्रांनो, १८८६ साली मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि एके काळी व्यापाऱ्यांनी दडवून ठेवलेली विद्या शाळा शिकलेल्या मुलांना खुली झाली. पालकांनीही हे ध्यानात घ्यावे. मुलाला वस्तू घेऊन देणे सोपे असते. पण मअबरच्या राजाकडे सोन्याची वाण नव्हती, वाण होती ती एका जाणत्या नालबंदाची.