गुडबाय कोणी, कोणाला म्हणावे?

इंग्रज गेला, पण जाताना आपला ‘गुडबाय’ इथेच विसरून गेला. आमच्या घाटकोपरात तो अजून रोजच्या वापरात आहे. त्याच्या भावंडांचे मात्र हाल आहेत. शेजारचे एक गृहस्थ रात्री आठला वाटीभर साखर मागायला येतात आणि दारातच ‘गुड नाइट’ म्हणतात. आता ‘गुड नाइट’ हा निरोपाचा शब्द. येणाऱ्याने ‘गुड ईव्हनिंग’च म्हणायचे. पाहुण्याने आल्या आल्या निरोप घेतला, तर आम्ही साखर द्यायची की दार लावायचे?

खुद्द ‘गुडबाय’ची कुळकथा गमतीची आहे. त्यात मुळात ‘गुड’ नाहीच! ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे ‘देव तुमच्या पाठीशी असो’, हे वाक्य सोळाव्या शतकातले इंग्रज घाईघाईने म्हणू लागले. शब्दांचा पार चोळामोळा झाला आणि ‘गुड डे’, ‘गुड नाइट’च्या संगतीला लागून देवाचाही ‘गुड’ झाला. ‘बाय’ हे त्यातले उरलेसुरले शेपूट. पण वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जपून हो! तिथे ‘बाय’ ही लाडाची हाक. निघताना ‘बाय’ म्हणाल, तर चारजणी ‘काय?’ म्हणून वळून बघतील.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी जुनी साष्टी. तिने राज्यांबरोबर निरोपही बदललेले पाहिले. १५३४ साली पोर्तुगीज आले. त्यांचा ‘आदेउश’, म्हणजे ‘देवाच्या हवाली’. १७३७ साली मराठ्यांनी त्यांना कायमचा रामराम ठोकला. १७७४ साली साष्टी इंग्रजांनी घेतली आणि मागोमाग आला ‘गुडबाय’. राज्ये तीन, पण तिन्ही निरोपांत देव आहेच.

आता वापराचे म्हणाल, तर आजच्या इंग्रजीत पुरा ‘गुडबाय’ जरा जडच. लांबच्या ताटातुटीला तो शोभतो. उद्या सकाळी त्याच लोकलच्या त्याच डब्यात भेटणाऱ्याला ‘सी यू’ पुरते.

आपल्या ‘येतो’त मात्र देव नाही, आहे ती नुसती कबुली. म्हणूनच घरातून निघताना ‘जातो’ म्हणायची चोरी. अंधेरीला सहारच्या विमानतळावर मध्यरात्री बघा. अमेरिकेला निघालेला मुलगा ट्रॉली ढकलत ‘बाय, आई’ म्हणतो. त्याचे इंग्रजी बिनचूक असते. पण आई त्याची बाही सोडत नाही.

‘बाय काय रे? येतो म्हण.’