सात विरुद्ध दोन

1908 चा जुलै. तुम्ही रत्नागिरीत एका कौलारू घरापुढे उभे आहात. आज इथे स्मारकाची पाटी आहे. तेव्हा फक्त आषाढाचा पाऊस, शेवाळलेले चिरे आणि पन्हळीतून पायरीवर कोसळणारं पाणी. 23 जुलै 1856 ला शिक्षक गंगाधरपंत टिळकांना या घरात मुलगा झाला. दहा वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर पुण्याला गेला. आता तो मुंबईच्या तुरुंगात आहे. 24 जूनला त्याला तिथल्या सरदारगृहातल्या मुक्कामातून धरून नेलं. सोमवारी, 13 तारखेला, हायकोर्टात खटला सुरू होणार आहे आणि तुम्हाला तिथे पोचायचंय.

बंदरावर जाऊन उपयोग नाही. होड्या वर ओढून झापांखाली झाकल्यात. मुंबईच्या आगबोटीचं विचारलंत तर खारवी तुमच्याकडे वेड्यासारखं बघतो. "आता बोट कसली? नारळी पुनव तरी होऊं दे!" म्हणजे बैलगाडीने आंबा घाट, चिखल तुडवत कोल्हापूर आणि तिथून रेल्वे. पुण्याला गाडी बदलायची, कारण तिथवरचा रूळ अरुंद. गाव सोडताना टेकडीकडे बघून घ्या. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा तिथे अजून पुरा व्हायचाय. मंडालेचा हा राजा 1886 पासून रत्नागिरीत कैदेत आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला लवकरच मंडालेला नेणार आहेत, हे या घटकेला फक्त तुम्हाला ठाऊक आहे. गाडीवानाला सांगू नका.

कोर्टाबाहेर पोलीस, घोडेस्वार, गर्दी. कसेबसे आत शिरा आणि आरोपीकडे बघायच्या आधी ज्युरीकडे बघा. नऊ माणसं. सात युरोपियन, दोन पारशी. ही खास ज्युरी. बचाव पक्षाने हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली. ज्या दोन लेखांसाठी हा राजद्रोहाचा खटला आहे ते टिळकांच्या 'केसरी' या पत्रात मराठीत छापलेत: 12 मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि 9 जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. नऊजणांतल्या एकालाही मराठी वाचता येत नाही. सरकारी भाषांतर हातात घेऊन ते बसलेत. ज्याचं लिखाण मुळात वाचता येत नाही त्याच्या मनातला हेतू त्यांनी ठरवायचा आहे. तुम्हाला हसू येईल. इथे हसू नका, शिपाई बाहेर काढतील.

लेखांमागे मुझफ्फरपूर आहे. 30 एप्रिलला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशाची समजून एका बग्गीवर बॉम्ब टाकला. आत किंग्जफर्ड नव्हता. केनेडी नावाच्या वकिलाची बायको आणि मुलगी मेली. टिळकांनी बॉम्बचा निषेधच केला, पण पुढे लिहिलं की दडपशाहीने असे बॉम्ब थांबत नाहीत, लोकांना हक्क दिल्याने थांबतात. सरकारला हे 'पुढे' टोचलं.

न्यायासनावर दिनशा दावर. 1897 च्या राजद्रोह खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून बॅरिस्टर या नात्याने उभे राहिले होते ते हेच. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तेव्हा तो दिला. या वेळी जामिनासाठी जिना नावाच्या तरुण बॅरिस्टरने युक्तिवाद केला आणि दावरांनी नाही म्हटलं. 1897 ची ज्युरीही आठवा: सहा युरोपियन, तीन हिंदी, आणि निकाल सहा विरुद्ध तीन. चामडीच्या रंगावरून निकाल आधीच सांगता येत असेल तर साक्षीपुरावा कशाला?

पुरावाही बघा. घरझडतीत एक पोस्टकार्ड सापडलंय, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं. सरकारी वकील ते असं दाखवतात जणू त्या कार्डातच दारू भरली आहे. टिळक म्हणतात, स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचं होतं, म्हणून नावं टिपली. संपादकाच्या टेबलावर याहून भयंकर कागद रोज असतात.

तुम्ही आलात आमच्या काळातून, तेव्हा 'अ टाइम टू किल' हा 1996 चा सिनेमा बहुधा तुम्ही पाहिलाय. मिसिसिपीतला एक काळा बाप आपल्या लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्या दोन गोऱ्यांना कोर्टाच्या इमारतीतच गोळ्या घालतो. त्याचा वकील शेवटी सगळ्या गोऱ्या ज्युरीला डोळे मिटायला सांगतो, मुलीवर काय गुदरलं ते ऐकवतो आणि म्हणतो, आता ती मुलगी गोरी होती असं समजा. ज्युरी रडते, बाप सुटतो. टिळकांनी वकील घेतलेला नाही. स्वतःचा बचाव ते स्वतःच करताहेत आणि त्यांची रीत अगदी निराळी. ते कायदा सांगतात, इंग्लंडातले जुने खटले काढतात, अँग्लो-इंडियन पत्रांनी काय काय चिथावणीचं छापलं ते वाचून दाखवतात. 15 जुलैला सुरू केलेलं भाषण 22 ला संपतं: 21 तास 10 मिनिटं. खरं सांगायचं तर काही तास कंटाळवाणे आहेत. पण प्रकृती खालावलेला 51 वर्षांचा माणूस परक्या भाषेत, परक्या ज्युरीपुढे, एकही अश्रू न मागता इतका वेळ बोलतो, हे सिनेमात दाखवता येणार नाही. प्रेक्षक उठून जातील.

22 तारखेची रात्र. न्यायाधीशांना आजच संपवायचंय. आठनंतर ज्युरी आत जाते, सव्वानऊच्या सुमारास परत येते. सात विरुद्ध दोन, दोषी. लिहिणाऱ्याचं मनच रोगट आणि विकृत असल्याचं दावर सुनावतात आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा व हजार रुपये दंड ठोठावतात. टिळक शांतपणे आपण निर्दोष असल्याचं सांगतात आणि या न्यायासनाहून वरच्या शक्तीचा हवाला देतात. दुसऱ्या दिवशी त्यांना 52 वर्षं पुरी होणार आहेत. मुंबईचे गिरणीकामगार सहा वर्षांसाठी सहा दिवस गिरण्या बंद पाडतात. लष्कर गोळ्या झाडतं.

लगेच परतू नका. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात चला. 'शारदा' नाटक आहे. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप म्हणून बोलावलंय. बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली, त्या खटल्यामागे हा जॅक्सन, म्हणून त्याच्यावर राग. प्रेक्षकांत सतरा-अठरा वर्षांचा अनंत कान्हेरे बसलाय, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातला. खिशात लंडनहून आलेलं ब्राउनिंग पिस्तूल. जॅक्सन आत येतो आणि गोळ्या सुटतात.

हा जॅक्सन संस्कृत शिकलेला. कोकणच्या लोकसमजुती, देवदेवस्की, भुताखेतांची माहिती तो शाळामास्तरांकडून मागवत होता. त्याच्या मरणानंतर एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती छापली, रत्नागिरीच्या मास्तरांनी पाठवलेल्या मजकुरासकट. यामुळे बाबारावांवरचा अन्याय हलका होत नाही. पण सिनेमातले दोघे गोरे निःसंशय गुन्हेगार असतात, प्रेक्षकाला गोळीबाराचा हिशेब डोळ्यांपुढे जुळवून दिलेला असतो. मुझफ्फरपूरच्या बग्गीत तो जुळला नाही. नाशकातही आरोपीला 21 तास कोणी बोलू दिलं नाही; निकाल खिशात घेऊनच कान्हेरे थिएटरात आला होता. माझं मत विचाराल तर, त्या पोराला पिस्तुलापर्यंत पोचवण्यात मुंबईच्या त्या सातजणांचा वाटा मोठा आहे, आणि तरीही ते पिस्तूल मला न्याय वाटत नाही.

19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना फाशी झाली. 1916 मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचं प्रकरण आलं, तेव्हा जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथे ज्युरी नव्हती. 1956 मध्ये, स्वतंत्र भारतात, टिळकांना शिक्षा झालेल्या त्याच दालनाबाहेर त्यांचे ते शेवटचे उद्गार संगमरवरावर कोरून लावले.

न. चिं. केळकरांनी 1908 सालीच या खटल्याचा संपूर्ण वृत्तांत इंग्रजीत छापला आहे. तो सिनेमा पुन्हा लावण्याआधी तेवढा वाचा, आणि कंटाळवाण्या तासांची पानं उलटून टाकू नका.