पाव्हलोव्हा, ॲना
(१२ फेब्रुवारी १८८१ – २३ जानेवारी १९३१). जगप्रसिद्ध रशियन बॅले नर्तकी. जन्म सेंट पीटर्झबर्गचा. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवी. त्याच आईने तिला लहानपणी मारिइन्स्की रंगमंदिरात ‘स्लीपिंग ब्यूटी’ दाखवले आणि मुलीने नाचाचा ध्यास घेतला. वय लहान म्हणून शाही बॅले विद्यालयाने आधी परत पाठवले. १८९१ मध्ये प्रवेश मिळाला. १८९९ मध्ये ती मारिइन्स्कीच्या संचात दाखल झाली. १९०३ मध्ये ‘जिझेल’ या बॅलेने नाव झाले, १९०६ मध्ये ती तिथली प्रमुख नर्तकी झाली.

त्या काळी भरदार, पीळदार पायांच्या इटालियन नर्तकींचा दबदबा होता. पाव्हलोव्हा किडकिडीत, तिच्या पावलांची कमान फार उंच. सगळा भार अंगठ्यावर येई. मग ती बुटाच्या तळाला कडक चामडे लावून आधार करून घेई. काहींना ही लबाडी वाटली; आज मात्र बॅलेचा बूट आतून टणक असतो, याचे कोणाला नवल वाटत नाही. तिचे गुरू पाव्हेल गेर्ट यांनीही तिला कसरतींच्या मागे लागू दिले नाही. तिचे बळ होते नजाकतीत.

ते सर्वांत स्पष्ट दिसते नृत्यरचनाकार मिखाईल फोकीनने तिच्यासाठी बसवलेल्या ‘मरणारा हंस’ या नृत्यात. संगीत सॅं-साँसचे, अवधी जेमतेम तीन मिनिटे. उड्या नाहीत, मोठ्या गिरक्या नाहीत. बोटांच्या टोकांवर उभे राहून इवली इवली पावले टाकत ती रंगमंचभर सरकत जाई. पाय थरथरत, हात पंखांसारखे हलत आणि हळूहळू मिटत. आयुष्यभर हेच नृत्य लोकांनी तिच्याकडे पुन्हा पुन्हा मागितले.

१९०९ मध्ये पॅरिसला बॅले-संयोजक द्यागिलेवच्या संचात ती नर्तक निझिन्स्कीबरोबर नाचली, पण तिथे रमली नाही. संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचे ‘फायरबर्ड’ हे बॅले तिने नाकारले. नव्या संगीताशी तिचे सूर जुळत नव्हते, आणि पुढेही तिच्या खेळांतल्या रचना बऱ्याचशा जुन्या वळणाच्याच राहिल्या. तिचे खरे कर्तृत्व दौऱ्यांत आहे. १९१२ मध्ये लंडनला ‘आयव्ही हाउस’ घेऊन तिथे बागेतल्या तळ्यात हंस पाळले. पण वर्षातले बरेच महिने तिचे बिऱ्हाड बोटीवर आणि आगगाडीत. ज्या गावांनी बॅले कधी पाहिलेच नव्हते, तिथे ती गेली. १९१७ मध्ये पेरूच्या लिमा शहरात तिला पाहणारा एक मुलगा, फ्रेडरिक ॲश्टन, पुढे इंग्लंडचा थोर नृत्यरचनाकार झाला. फुप्फुसावरणाच्या दाहाने हेग येथे, दौऱ्यावर असतानाच, तिचे निधन झाले.

१९२२-२३ च्या पूर्वेकडील दौऱ्यात ती भारतात आली. परतल्यावर लंडनला तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरचे एक बॅले रंगवले. तिथेच चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकरांकडून ‘राधा-कृष्ण’ बसवून घेतले. ती राधा, ते कृष्ण. पुढे बॅले शिकू पाहणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना तिने आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितले, आणि त्या भरतनाट्यमकडे गेल्या. मुंबईच्या लीला सोखी ऊर्फ मेनका यांनाही तिने उत्तेजन दिले. मेनकांनी कथकावर बेतलेली नृत्यनाट्ये युरोपभर नेली आणि नंतर खंडाळ्याला नृत्यशाळा काढली.