पुराची खूण

कृष्णाकाठच्या गावांत हिंडताना देवळाच्या भिंतीवर, एखाद्या वाड्याच्या चौकटीवर किंवा चावडीच्या खांबावर ओढलेली रेघ दिसते. शेजारी साल लिहिलेले असते. म्हातारी माणसे हात वर करून दाखवतात, "हितवर पाणी आलं होतं." नदीकाठचा इतिहास असा भिंतींवर लिहिलेला आहे. शाळेत राजांच्या वंशावळी शिकवतात, तसा हाही शिकवावा असे मला वाटते. आज या खुणांविषयी थोडे बोलायचे आहे.

आधी नदी समजून घेऊ. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते, सांगलीशेजारी हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इतक्या वाटांनी खाली उतरतो आणि सांगली-शिरोळच्या सपाटीवर गोळा होतो. पुढे उतार कमी आणि पात्र वळणावळणाचे. म्हणून इथला पूर डोंगरी ओढ्याच्या लोंढ्यासारखा अंगावर येत नाही. तो बोटाबोटाने चढतो, आणि एकदा चढला की दिवसचे दिवस हलत नाही. माणसाला वाटते, अजून दोन पायऱ्या शिल्लक आहेत, जेवण उरकून घेऊ. मग रात्र होते.

नृसिंहवाडीला पाहा. तिथे पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोक दुरून येतात. पाणी आणखी चढू लागले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. "गेल्या साली एवढं नव्हतं" असा वाद तिथे कुणी घालत नाही. पाणी ठरल्या जागी आले, देव हलला. गंमत अशी, की देवाच्या बाबतीत ही शिस्त पाळणारे आपण घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र शेवटच्या पायरीपर्यंत थांबतो.

सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली खुला झाला. पाण्याची उंची तिथे फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोक्याची. कोल्हापूरकडे पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. तिथले आकडे 39 आणि 43. पावसाळ्यात बातम्यांतून हे आकडे कानी पडतात, पण पुष्कळांना ते परक्या गावच्या बाजारभावासारखे वाटतात. पुलाखाली अमुक फूट म्हणजे आपल्या गावी मारुतीच्या कितव्या पायरीला पाणी, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याचा काय उपयोग? सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांतल्या लोकांना तो हिशेब तोंडपाठ आहे, कारण पाणी आधी त्यांच्याच दारात येते.

आता खुणेने फसवल्याची गोष्ट. 2005 साली आयर्विन पुलाखाली पाणी 53 फुटांच्या वर गेले. लोकांनी ती पातळी मनात धरून ठेवली. 2019 च्या ऑगस्टात पुन्हा पाणी चढू लागले, तेव्हा कित्येकांनी 2005 च्या रेघेच्या वर सामान रचले आणि घरातच थांबले. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. धान्याची पोती, शिलाई यंत्रे, मुलांची पुस्तके, सारे त्या वाढीव फुटांत भिजले. रेघ खोटी नव्हती, पण "इथवर आले होते" या शब्दांतून "इथेच थांबते" असा अर्थ लोकांनी काढला. धरणांच्या पाण्यावरून, अलमट्टीवरून जे वाद आहेत ते तज्ज्ञांनी सोडवावेत. मला सांगायचे ते एवढेच, की मागचा पूर हा पुढच्या पुराचा जामीनदार नव्हे.

उशीर झाला की काय होते ते ब्रह्मनाळला दिसले. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरच्या या गावात 8 ऑगस्ट 2019 रोजी पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची होडी उलटली. तिच्यात पेलवतील त्याहून अधिक माणसे बसली होती. बाराहून अधिक जीव गेले. अशा वेळी होडीत दाटी होते ती अविचारापेक्षा भीतीने, आणि एवढी भीती रस्ता बुडाल्यावरच वाटते. रस्ता कोरडा होता तेव्हा बैलगाडीही पुरली असती.

पण केवळ लोकांना दोष देणे बरे नव्हे. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावे आहेत. 1989 च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला उंचावर जागा मिळाल्या. तरी बरीच वस्ती जुन्या जागीच राहिली. 2019 साली तिथल्या माणसांना होड्यांतून काढावे लागले. शेत इकडे, गोठा इकडे, म्हशी इकडे. माणूस तिकडे जाऊन करणार काय? गुरांची सोय लावल्याविना शेतकरी घर सोडत नाही, ही गोष्ट पुराच्या बंदोबस्तात पहिली धरली पाहिजे. म्हणून इशारा पातळी ऐकली की आधी जनावरे आणि वैरण हलवा, त्यांच्यामागून म्हातारी माणसे व पोरे. वेळ नसेल तर निदान दावी सोडून द्या. बांधलेले जनावर दाव्याला बुडते; सुटलेले पोहून काठ गाठू शकते. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अंगाजवळ ठेवावे. निघताना विजेचे मुख्य बटण बंद करावे. पुलावरून पाणी वाहत असेल तर "आपल्या पायाखालचा पूल आहे" म्हणून उतरू नये. मधला भराव वाहून गेलेला वरून दिसत नाही.

एक पूर मात्र या साऱ्या हिशेबाबाहेरचा. 12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फोडले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा भरदिवसा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री लष्करी जवानांनी वाळूची पोती रचून पानशेतचा बांध उजाडेपर्यंत तगवला, म्हणून पुष्कळ लोक झोपेत सापडले नाहीत. अशा वेळी कोणतीही जुनी रेघ कामाची नाही. धरणाखालच्या गावाने भोंगा किंवा दवंडी ऐकली की सामानाकडे न पाहता चढाची वाट धरावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, वळवाचे पाऊस सुरू होण्यापूर्वी मुलांना घेऊन गावातल्या खुणा शोधा. साल विचारा, म्हाताऱ्यांकडून खात्री करा, टेप लावून उंची मोजा. पुलावरच्या फुटांशी आपल्या पायऱ्यांचा मेळ घाला आणि तो तक्ता ग्रामपंचायतीत लावा. सर्वांत वरच्या रेघेच्या दोन हात वर आणखी एक रेघ ओढा, तिच्यापुढे साल लिहू नका. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 हा क्रमांकही त्याच तक्त्यावर असू द्या.

आणि पाणी ओसरल्यावर घाईने घरात शिरू नका, बरं का. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि ऊन लागले की ढासळतात. वळचणीला, लाकडांत साप आसऱ्याला आलेले असतात, तेव्हा काठी आपटत आत जा. विहिरीत टीसीएल पावडर पडेपर्यंत पाणी उकळूनच प्या.