लेखनिक न लाभलेला आवाज

मध्ययुगीन मराठी धर्मवाङ्मयाचा विचार आपण बहुधा पोथीपासून सुरू करतो. परंतु या पोथ्या कोणाच्या अधिकाराने बोलतात हे पाहू लागलो की आधी आवाज भेटतो. लेखणी मागून येते. ज्ञानेश्वरी (शके १२१२, इ.स. १२९०) श्रोत्यांना उद्देशून बोललेली आहे. तिचा वक्ता श्रोत्यांचे अवधान मागतो, बोलण्याचे श्रेय निवृत्तिनाथांना देतो. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले ते चक्रधरांना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून. मूळ पोथी गेल्यावर महानुभावांनी ते पुन्हा उभे केले तेही स्मरणातूनच, आणि त्यात हिराइसेच्या पाठांतराला मान मिळाला.

वारकरी परंपरेने तर कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, याचीही आठवण जपली आहे. चोखोबांचे लेखनिक अनंतभट्ट. जनाबाईचे प्रत्यक्ष पांडुरंग. या दुसऱ्या कथेकडे आपण भाविक कल्पना म्हणून पाहतो. आम्हाला मात्र तीत एक व्यावहारिक जाण दिसते. दासीला स्वतःच्या नाममुद्रेने बोलता येते, पण ते बोलणे टिकायचे तर कोणीतरी लेखणी धरली पाहिजे. माणसांत तसा कोणी सापडेना, म्हणून परंपरेने देवालाच लिहायला बसवले.

पुढे शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मुखोमुखी व हस्तोहस्ती शिरलेले पाठ आता दोष ठरले. प्रामाण्य आवाजाकडून अक्षराकडे सरकल्याची ही ठळक खूण होय.

मग ज्या आवाजाला ना अनंतभट्ट मिळाला ना पांडुरंग, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात शोधतो. परंपरा सांगते की जव्हार पूर्वी एका वारली नायकाकडे होते. जयबा मुकण्याने त्याच्याकडे बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने जयबाच्या मुलाला नेमशहा म्हणून मान्यता दिली. महादेव कोळी राजांची ही गादी १९४८ पर्यंत चालली. तिचा अधिकार इतिहासात नोंदला गेला. कथेतला वारली नायक मात्र बिननावाचाच राहिला.

त्याच वारल्यांच्या लग्नात एक वेगळा अधिकार दिसतो. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि विधी चालवते ती धवलेरी. ती गाऊन देवांना बोलावते. तिच्या गाण्यावाचून जुन्या रीतीने लग्न लागत नाही. हातात पोथी नसलेली ही स्त्री पुरोहित आहे, आणि तिच्या शब्दाला समाजाची पूर्ण मान्यता आहे. के. जे. सावे यांचे वारल्यांवरील पुस्तक १९४५ चे; म्हणजे लेखणी येथे पोचली ती विसाव्या शतकात, आणि अभ्यासकाची म्हणून.

धवलेरीच्या गाण्याला शक नाही, नाममुद्रा नाही. म्हणून आपण ते लोकगीतांच्या दालनात ठेवतो आणि जनाबाईला संतवाङ्मयाच्या. कालखंड व तत्त्वविचार यांचे भेद आम्ही नाकारत नाही. पण ही विभागणी करताना आपण वाणीचा कस पाहतो की केवळ लेखनिकाची उपस्थिती, हे वाङ्मयेतिहासकाराने एकदा स्वतःला विचारले पाहिजे. ज्या ग्रंथांना आपण प्रमाण मानतो, त्यांनी तरी ऐकण्यालाच आधी मान दिला होता.