द्विवचन

द्विवचन : बोलणे नेमक्या दोघांबद्दल वा दोहोंबद्दल आहे हे शब्दाच्या रूपावरूनच सांगणारे वचन. संस्कृतात ते नाम, सर्वनाम आणि क्रियापद या तिन्हींना लागते. मराठीत ते नाही. मराठीच्या आधीच्या प्राकृतातूनच ते फार पूर्वी गेले, याची खूण रायगड जिल्ह्यात दगडावर कोरलेली आहे.

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत एक प्राकृत दानलेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतल्या या लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि दोन्ही बाजूंच्या दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. टाकी दोनच, तरी ‘पोढी’चे रूप अनेकवचनी, शेजारी ‘बे’ हा संख्याशब्द. ‘बे’ आला संस्कृत ‘द्वे’वरून, आणि ‘द्वे’ हे द्विवचनच. म्हणजे नामाने द्विवचन सोडले, संख्येत ते थिजून राहिले. बेच्या पाढ्यात ते आजही घोकले जाते. द्विवचनाच्या जागी अनेकवचन येते, हा नियम वररुची आणि हेमचंद्र या दोघाही प्राकृत वैयाकरणांनी नोंदवला आहे.

त्याच जिल्ह्यातल्या पोलादपूरला ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ते काव्य सतराव्या शतकातले, पण संस्कृत. त्यामुळे दोघांचा उल्लेख आला की तिथे द्विवचन अटळ. लेख जुना असून द्विवचनाविना, काव्य कितीतरी अलीकडचे असून द्विवचनासह. द्विवचन पोथीत टिकले, तोंडी राहिले नाही.

आज मराठीचे काम ‘दोघे, दोघी, दोन्ही’ यांवर भागते. क्रियापद मात्र दोघांना आणि दहांना एकच : ‘ते दोघे गेले’, ‘ते दहाजण गेले’. एका बाबतीत मराठी संस्कृतच्याही पुढे आहे. ‘आपण दोघं पोलादपूरला जाऊ’ यात ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही दोघं जातो’ यात तो वगळलेला. संस्कृत ‘आवाम्’ला (आम्ही किंवा आपण दोघे) हा भेद करता येत नाही.

पॉलिनेशियन भाषांना द्विवचन आणि हा भेद, दोन्ही साधते. ताहितीत ‘ताउआ’ म्हणजे मी आणि तू, ‘माउआ’ म्हणजे मी आणि तो किंवा ती; दोघांहून अधिक असतील तर अनुक्रमे ‘तातोउ’ आणि ‘मातोउ’. ‘तुम्ही दोघे’ला ‘ओरुआ’, ‘ते दोघे’ला ‘राउआ’. ही सोय मुख्यतः सर्वनामांपुरती. नामाचे रूप बदलत नाही, वचन त्याच्या आधीचा छोटा शब्द सांगतो. द्विवचनी सर्वनामांत ‘रुआ’ (दोन) दडलेला आहे, आणि अनेकवचनी रूपांतल्या ‘तोउ’चे मूळ ‘तीन’ या संख्येत आहे. ताहितीत मोजताना मात्र दोनला आता ‘पिती’ म्हणतात.