चिंधी, वाकळ आणि चीवर

आश्विन-कार्तिकाचे दिवस आले की काटकसरीचा उपदेश सुरू होतो. कमी विकत घ्या, जुने टाकू नका, फाटलेले शिवा, उरलेले वाया घालवू नका. दिवाळीच्या सुटीआधी महाविद्यालयांतून तशा शपथा दिल्या जातात आणि शिक्षक म्हणून मीही त्या रांगेत उभा असतो. उपदेशात खोटे काही नाही. पृथ्वीवरचा भार वाढला आहे, हे आता कोणी नाकारत नाही. परंतु ज्या समाजापुढे ही शपथ वाचली जाते, तो एकजिनसी नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांनी दुसऱ्याने टाकलेलेच नेसले, दुसऱ्याचे उरलेलेच खाल्ले, त्यांच्या नातवंडांच्या कानांवर 'जुने वापरा' हे शब्द कोणत्या अर्थाने पडत असतील? शपथ लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. मी इतिहास शिकवतो. म्हणून तो प्रश्न मी इतिहासालाच विचारतो आहे. या देशात जुनी वस्तू पुन्हा कोणी वापरली, कोणाच्या हुकमाने वापरली आणि कोणत्या नात्यात वापरली?

१

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांच्या राहणीचे नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, प्रेतांची वस्त्रे पांघरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत. आजच्या भाषेत बोलायचे तर पुनर्वापराचा हा या देशातला एक जुना लिखित कायदाच म्हणावा लागेल. फरक एवढाच की त्यात वस्तू वाचवण्याचा हेतू कोठेही नाही. माणसाला वस्तूच्या खाली ठेवण्याचा आहे. कापड नवे घेण्याची ऐपत असली तरी ते घ्यायचे नाही, ही त्यातली मेख आहे. गरिबीतून आलेली काटकसर आणि धर्माज्ञेने लादलेली हीनता या दोन गोष्टी येथे वेगळ्या कराव्या लागतात.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हीच व्यवस्था बलुत्याच्या रूपाने नांदली. सुगीला खळ्यावर महाराने उभे राहायचे आणि पाटील-कुणबी जे माप टाकतील ते पदरात घ्यायचे. येसकराची पाळी आली की दारोदार हाक देऊन भाकर मागायची. मेलेले ढोर ओढायचे आणि त्याचे मांस हाच मोबदला मानायचा. अंगावर यायचे तेही कोणी उतरवलेले. या गावात काही वाया जात नव्हते, असे कौतुकाने लिहिणारे लेखक आहेत. ते खरेही आहे. पण वाया जाऊ न देण्याचे काम गावाने काही माणसांवर जन्माने सोपवले होते, हे त्यांच्या लिहिण्यात येत नाही. गावाची स्वच्छता आणि महारवाड्याची अस्वच्छता ही एकाच हिशेबाच्या वहीतली दोन पाने आहेत.

२

ही वही फाडण्याचे काम महाडला झाले. १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा आणि शेतीकडे वळा असे सांगितले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. प्रेतवस्त्रांचा नियम सांगणारा ग्रंथ तेथे जळाला, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्यास व जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाकण्यास सांगितले. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. पाठोपाठ १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. धान्याच्या बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा, ही त्यातली एक मागणी होती. खळ्यावर पसरलेला पदर मागे घेण्याचा तो कायदेशीर मार्ग होता. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

या चळवळीविरुद्ध झालेला एक युक्तिवाद आपण आज पुन्हा तपासून पाहावा असा आहे. मेलेली ढोरे ओढणे बंद केले तर कातडे, हाडे, शिंगे यांचे उत्पन्न बुडेल आणि गरिबांचेच नुकसान होईल, असे एका वृत्तपत्राच्या वार्ताहराने बाबासाहेबांना सुनावले होते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी त्याची आठवण सांगितली. तो लाभ एवढा मोठा असेल तर तुम्ही ढोरे ओढा, वर पैसे मी देतो, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. उपयुक्ततेच्या हिशेबाला त्यांनी हिशेबानेच गाठले. काम उपयुक्त असेल तर ते सर्वांनी वाटून घ्यावे. एकाच जातीने करायचे असेल तर त्याची उपयुक्तता दुसऱ्यांनी आम्हांला शिकवू नये.

आदल्याच दिवशी, १४ ऑक्टोबरला, विजयादशमी होती. गावोगाव दसऱ्याला रेड्याचा बळी पडे आणि त्यातला वाटा महारांना हक्क म्हणून मिळे. तोच दिवस त्या वर्षी धम्मदीक्षेचा झाला. आपल्या शरद ऋतूचा अर्थ त्या दिवशी बदलला.

३

येथे एक शंका कोणी काढील. चिंधी टाकून आपण ज्या धम्माकडे गेलो, त्या धम्माचे भिक्षू तर चिंध्याच पांघरत होते! शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर विनयपिटकातच आहे.

आरंभीचे भिक्षू उकिरड्यावरची, स्मशानातली टाकलेली कापडे उचलून, धुऊन, जोडून त्यांचे चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणत. कापड तेच, स्मशानही तेच. मनूने जे चांडाळावर लादले ते राजघराण्यातून आलेला भिक्षूही स्वखुशीने पांघरत होता, आणि शेजारी बसलेला, निर्माल्य काढून टाकण्याचे काम करणाऱ्या हीन मानलेल्या कुळातला सुनीतही तेच पांघरत होता. चिंधी सर्वांच्या अंगावर आली तेव्हा तिची जात गेली.

याहून महत्त्वाचा प्रसंग देवदत्ताचा आहे. भिक्षूंनी आजन्म पांसुकूलच वापरावे, गृहस्थाने दिलेले वस्त्र घेऊ नये, असा नियम करावा ही त्याच्या पाच मागण्यांपैकी एक होती. बुद्धाने ती नाकारली. ज्याला पांसुकूल वापरायचे त्याने वापरावे, ज्याला दिलेले वस्त्र घ्यायचे त्याने घ्यावे. साधेपणाची सक्ती केली की तो साधेपणा राहत नाही, ही जाण त्या नकारात आहे. आपल्या काळात देवदत्त पुष्कळ झाले आहेत.

बुद्धाने उधळपट्टीला मोकळीक दिली असेही नाही. चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदयन आनंदाला विचारतो, एवढी पाचशे चीवरे घेऊन करणार काय? आनंद सांगतो : ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बिछायत, बिछायतीची पायपुसणी, पायपुसण्यांचे झाडण्याचे फडके, आणि फडके विरले की चिखलात तुडवून जमीन सारवायला. राजाचे समाधान झाले. वर्षावास आश्विनी पौर्णिमेला संपतो. त्यानंतरच्या महिन्यात कठिन चीवराचा विधी होतो. संघाला मिळालेले कापड सर्वांनी हात लावून एका दिवसात कापायचे, शिवायचे, रंगवायचे. आपला शरद ऋतू आपल्या परंपरेत असा सामुदायिक शिलाईचा ऋतू आहे. तो आपण विसरलो आहोत.

४

पूर्ण विसरलो असेही नाही. पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन तापले की आमच्या वस्तीत वाकळा बाहेर निघत. माझी आई विरलेली लुगडी, फाटके सदरे, धडपे यांचे थर लावी आणि शेजारणी चहूबाजूंनी टाके घालीत. थंडीच्या आत वाकळ तयार व्हायची. त्यात एक अलिखित नियम होता. आपल्या अंगाचे कापड वाकळीत जाई, गावातून मिळालेले जात नसे. त्याची चुलीपाशी फडकी होत. आईला अक्षरओळख नव्हती. पण वापरून जुने झालेले आणि टाकून दिलेले यांतला फरक तिला कळत होता. ज्वारीचेही तसेच. कडबा जनावराला, धसकटे चुलीला, आणि काढणी झालेल्या रानात सरवा वेचायला बायका जात. मात्र रान दुसऱ्याचे होते, हे त्या काटकसरीतले दुखणे होते.

५

आजची स्थिती काय आहे? दिवाळीच्या साफसफाईत शहरातली घरे रिकामी होतात आणि तो ढीग ज्या हातांखाली येतो ते बहुतांशी दलित स्त्रियांचे हात असतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातली अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून उखडली गेली होती. २००८ साली याच बायकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम घेतले. कचऱ्यात हात घालणे सुटले नाही, पण ओळखपत्र, दर आणि संघटना आली. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. ते जो पाळत नाही त्याने पर्यावरणाची शपथ घेऊ नये, कारण त्याच्या घरातले काम तो एका बाईच्या उघड्या हातांवर टाकतो आहे.

गावात प्रश्न गायरानाचा आहे. पडीक जमीन कसून भूमिहीन दलितांनी तेथे रब्बीची ज्वारी उभी केली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली झाला, तरी असंख्य कुटुंबांच्या हाती सातबारा आला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा निकाल दिला. भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. निकाल सांगताना अपवाद गाळला जातो. महाडला जे 'शेती करा' म्हणून सांगितले गेले ते करणारा माणूस निसर्गाचा शत्रू ठरतो, आणि ज्याच्या घरातून रोज पिशवीभर प्लास्टिक निघते तो निसर्गप्रेमी!

म्हणून आपली शपथ आपणच लिहिली पाहिजे. आपल्या वस्तीतला कचरा आपण वेगळा करू, आणि तो उचलणाऱ्या बाईला हातमोजे व पूर्ण दाम मागू. वर्षावासानंतर विहारात एक दिवस शिवणाचा ठेवू. त्यात पुरुषांचेही हात लागतील. आपले जुने आपण शेवटच्या धाग्यापर्यंत वापरू, दुसऱ्याचे उतरलेले दान म्हणून स्वीकारणार नाही. आणि गायरानाच्या नोंदीसाठी तहसीलच्या पायऱ्या चढत राहू. जमीन नावावर नसलेल्या माणसाला जमीन जपायला सांगणे, हा फुटक्या भांड्याचाच नियम आहे.